प्रेमलालमामाच्या दाढीचा सरकारी खटला

माझे प्रेमलालमामा उकव्याच्या मॅंगनीज खाणीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांचं डोकं तळहातासारखं साफ झालं होतं. कानांच्या वर थोडी झालर उरली होती, ती शीलामामी घरीच कात्रीनं नीट करायची. हनुवटीवर मात्र सगळी भरपाई झाली होती. सकाळी गुळगुळीत केलेला गाल संध्याकाळी धानाच्या धसकटासारखा टोचायचा.

मामांना विडीचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता. एकच शौक होता, रविवारी न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून दाढी करून घ्यायची. उकव्याला ही चैन त्यांनी सगळी नोकरी भोगली. खाणीतून वर आलेला माणूस काळाच असायचा. न्हावी आधी तोंड धुवायला लावायचा आणि मग कोण आहे ते ओळखायचा. तिथं कुणी कुणाचा मोहल्ला विचारला नाही.

निवृत्त झाल्यावर मामा कोसमटोल्याला, आपल्या गावी आले. बालाघाट जिल्ह्यात, लालबर्र्याच्या बाजारपेठेच्या पुढं आतल्या रस्त्याला आमचं गाव. गावच्या चौकात तेव्हा नुकतंच 'न्यू स्टार जेन्ट्स पार्लर' उघडलं होतं. उघडणारे भोजराज पटेल, गावातले मोठे शेतकरी. पोराच्या लग्नात गोंदियाच्या एका पार्लरमध्ये ते गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसले आणि त्यांना ती खुर्ची इतकी आवडली, की तशीच एक त्यांनी गावात आणून बसवली. समोर आरसा, वर पंखा, भिंतीवर गोऱ्या पोरांचे फोटो. चालवायला चैतराम न्हावी पगारावर. चैतराम आधी लिंबाखाली लाकडी खुर्ची मांडून बसायचा. फिरणाऱ्या खुर्चीची त्याला धास्ती होती. वस्तरा गालावर असताना गिऱ्हाईक फिरलं तर काय, म्हणून तो खुर्चीचा पाया पायानं दाबून धरायचा.

आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली माणसं लालबर्र्याला जाऊन दाढी करायची, नाहीतर घरी. का, असं विचारलं तर सगळेच म्हणायचे, आता तसं काही राहिलं नाही. फक्त कुणी जाऊन पाहिलं नव्हतं.

मामा गेले. रविवार होता, अंगात पांढरा शर्ट होता. खुर्चीत स्वतः भोजराज पटेल होते, अर्ध्या तोंडाला फेस. मामा बाकावर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. पटेलांनी त्यांना आरशात पाहिलं.

"हा कोनासाठी बसला?"

"माह्यासाठीच," मामा म्हणाले. "दाढी कराची हाये."

"तुमच्या मोहल्ल्याचे लोक लालबर्र्याले जातात ना? तू का आभाळातून पडला?"

"नाही. उकव्यावरून आलो."

मामांनी हे सरळपणानं सांगितलं होतं. पटेलांना ते उद्धट वाटलं. ते म्हणाले, "या खुर्चीवर सारं गाव बसते. तू बसला तं गाव उठून जाईल. दुकान तुह्यासाठी बंद हाये." चैतराम वस्तरा हातात धरून जमिनीकडे पाहत उभा राहिला. मामांनी वर्तमानपत्राची घडी केली, बाकावर ठेवली आणि बाहेर आले.

मी बालाघाटला कोर्टाच्या फाटकासमोर एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले. मला वाटलं, पेन्शनचं काही काम असेल. त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "पिंके, त्यानं शिवी देल्ली असती ना, तं मी बी एक देऊन घरी आलो असतो. पन तो सारं आरशातूनच बोलला. मानूस मांगं बसला हाये, मान वळवून पाहाची बी जरूर वाटली नाही."

मग ते ठाण्यात गेले. मीही सोबत होते. रिपोर्ट लिहिणाऱ्या मुंशीनं विचारलं, "क्या चोरी हुआ?"

"काही नाही."

"मारपीट?"

"नाही."

"फिर हुआ क्या?"

"दाढी नाही हुई," मामा म्हणाले.

मुंशीनं पेन खाली ठेवलं. पण ठाणेदार साहेबांनी आतून ऐकलं होतं. त्यांनी मामांना बसवून घेतलं, सगळं दोनदा विचारलं आणि नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला. दुकान, हॉटेल, न्हाव्याची खुर्ची, जिथं कुणीही जाऊ शकतं तिथं अस्पृश्यतेपायी एखाद्याला अडवणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. निघताना साहेब म्हणाले, "कोई सबूत हो तो संभालकर रखना."

मामांनी हनुवटीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत त्यांनी दाढी केली नाही.

"काहून?" शीलामामी रोज विचारायची.

"सबूत हाये."

"सबूत वरनात बुडून राह्यलं ना!"

"बुडू दे. करीन तं गावातल्याच दुकानात करीन."

दाढी वाढली. आधी छातीला टेकली, मग शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली. वर तुळतुळीत डोकं, खाली ही पांढरी दाढी. मामी म्हणायची, देवानं याचं मुंडकं उलटं बसवलं. तिनं एकदा तिच्यातून धानाचं तूस काढलं, एकदा हरवलेली सुई काढली. रात्री दाढी पांघरुणाच्या आत ठेवायची की बाहेर, यावरून दोघांचं भांडण व्हायचं.

पहिल्या तारखेला मामा नवा शर्ट घालून कोर्टात आले. शिपायानं दारात येऊन पुकारा केला, "शासन विरुद्ध भोजराज!"

मामा जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, "मामा, चला, तुमचीच केस."

"माही कुठं? माहं तं नावच नाही घेतलं."

सरकारी वकील श्रुतिका मॅडम होत्या. तरुण, गंभीर चेहऱ्याच्या, हातात नेहमी तीन-चार फायली. त्यांना नागपूरकडची मराठी यायची. मामांनी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. "मॅडम, भांडन माहं हाये आन् नाव सरकारचं काहून?"

"काका, तुमची दाढी अडवली तेव्हा कायदा मोडला. कायदा सरकारचा. म्हणून फिर्याद सरकारची. तुम्ही साक्षीदार."

"म्हंजे माह्या दाढीसाठी सरकार भांडून राह्यलं?"

"हो."

"भोपाळचं?"

"हो, तसंच म्हणा."

 मामा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पिंके, इतकी वर्सं खान खोदली, सरकारनं कधी माहं नाव नाही इचारलं. एक दाढी नाही झाली तं वकील देल्ला." त्या दिवशी त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. दाढीत अडकलेला चुरा घेऊनच ते बसमध्ये चढले.

गावात मात्र वातावरण तापलं. पटेलांना आधी वाटलं होतं, पोलीस येतील, चहा पितील, जातील. समन्स आल्यावर ते दोन माणसं घेऊन मामांच्या ओट्यावर आले. ओट्यावर आले, आत नाही. मामीनं खाट टाकली. पटेल टोकाला टेकले.

"प्रेमलाल, राजीनामा करून टाकू," पटेल म्हणाले. आमच्याकडे कोर्टातल्या समझोत्याला राजीनामाच म्हणतात. "तू ये, दाढी कर. मी काही म्हनत नाही."

"हौ ना, मी येतो."

"मंग केस वापस घे."

"ते माह्या हातात नाही," मामा म्हणाले. "मी तुमाले माफ केलं समजा. पन सरकारले राग आला हाये. ते माहं ऐकत नाही."

पटेलांना वाटलं मामा टिंगल करताहेत. पण मामांनी खरंच मॅडमना विचारलं होतं, आणि मॅडमनी खरंच सांगितलं होतं की या कायद्यात आपसात मिटवायची सोय नाही. पटेल उठले. जाता जाता म्हणाले, "सरकारले सांगजो, माह्या दुकानात माही खुर्ची हाये."

"सांगतो," मामा म्हणाले, आणि पुढच्या तारखेला मॅडमना त्यांनी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. मॅडमनी ते लिहून घेतले.

गंमत अशी की कोसमटोल्याहून बालाघाटला यायला सकाळची एकच बस सोयीची. त्यामुळे फिर्यादी आणि आरोपी दर तारखेला एकाच थांब्यावर उभे असायचे, एक लिंबाखाली, दुसरा थांब्याच्या शेडखाली. एकदा पटेलांबरोबर त्यांची सासू होती. ती शिवनीकडची, डोळे तपासायला बालाघाटला निघालेली. त्या दिवशी मी गावाकडूनच बसला येत होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारीला धूसर दिसत होतं, पण पांढरी दाढी तिला दिसली. ती सरळ मामांकडे गेली, वाकली आणि पायांवर डोकं ठेवलं.

मामा दचकले. "अवो माय, हे काय करता? मी साधा मानूस हाये."

"साधू लोग यही बोलते हैं," म्हातारी म्हणाली. "बाबा, कहाँ तपस्या की?"

"तपस्या नाही वो. मैं तो खदान में था. तीस साल जमीन के नीचे था."

म्हातारीनं पुन्हा वाकून नमस्कार केला. तीस वर्षं जमिनीखाली बसलेला बाबा तिनं आजवर पाहिला नव्हता. तोवर पटेल धावत आले. "अम्मा, उठो! ये बाबा नहीं है, ये फरियादी है!"

"फरियादी बाबा!" म्हातारीनं हात जोडले. "बाबा, हमारे दामाद पर कोई झूठा केस चल रहा है. कृपा करो."

पटेलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मामांनी म्हातारीला हात धरून उठवलं.  खोटं बोलायची सवय नव्हती, आणि म्हातारीचं मन मोडवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "माय, जो सही होगा वही होगा." म्हातारी समाधानानं बसमध्ये चढली आणि तिनं आपल्या पिशवीतली दोन केळी बाबांना दिली. मामांनी एक खाल्लं. दुसरं पटेलांपुढं धरलं, पण पटेल खिडकीबाहेर पाहत होते.

तारखा पडत राहिल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी पटेलांचे वकील आजारी. शेवटी मामांची साक्ष निघाली. कोर्टात त्या दिवशी गर्दी होती, कारण दाढीची कीर्ती पसरली होती. मी दुकान मालकाच्या हवाली करून मागे जाऊन उभी राहिले.

पटेलांचे वकील मोठ्या तयारीनं उठले. आधी त्यांनी मामांना डोक्यावरचा दुपट्टा काढायला सांगितला. ट्यूबलाइटच्या उजेडात टक्कल चमकलं.

"न्यायालयानं पाहावं," वकील म्हणाले. "या इसमाच्या डोक्यावर केस नाहीत. याला सलूनची गरजच काय?"

मामांनी दाढी दोन्ही हातांनी उचलून कठड्यावर ठेवली.

मागं हशा झाला. वकील डगमगले नाहीत. "हीच तर गोष्ट आहे! इतकी दाढी ज्यानं ठेवली, त्याला दाढी करायचीच नव्हती."

"साहेब," मामा म्हणाले, "त्या रोजी पटेलांनी करू देल्ली असती तं ही नसती. ही पटेलांनी वाढवलेली हाये. मी निस्ती सांभाळून राह्यलो."

न्यायाधीशांनी फाइल चेहऱ्यासमोर धरली आणि काही वेळ तशीच ठेवली. वकिलांनी दुसरा मुद्दा काढला. "तुम्ही बौद्ध आहात ना?"

"हौ."

"बौद्धांमध्ये जात असते?"

"नाही."

"मग जातीमुळं अडवलं, असं तुम्ही कसं म्हणता?"

"तेच तं मी बी इचारतो साहेब," मामा म्हणाले. "मी जात सोडली. मले तं ते मालूम होतं. पटेलांले कोनी सांगतलंच नव्हतं."

या वेळी कुणी हसलं नाही. मामांचा आवाजही वेगळा लागला होता.

पण खरी भीती चैतरामची होती. दुकानात तिसरा माणूस तोच होता. पगार पटेलांचा, घराची जागा पटेलांची. तो पलटणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो पिंजऱ्यात आला. मॅडमनी विचारलं आणि त्यानं एका दमात सांगून टाकलं, "दुकान त्या रोजी बंद होतं."

पटेलांच्या वकिलांनी मान डोलावली. मॅडमनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि आपल्याच साक्षीदाराला उलट विचारायला सुरुवात केली. आवाज मुळीच चढवला नाही.

"दुकान बंद होतं. शटर खाली?"

"हौ मॅडम."

"तुम्ही कुठं होता?"

"अंदर."

"बंद दुकानात काय करत होता?"

"पटेलसाहेबांची दाढी."

"अंधारात?"

"नाही, शटर थोडं वर होतं. उजेडासाठी."

"थोडं म्हणजे किती?"

चैतरामनं हात वर केला. हात वर वर गेला आणि डोक्याच्याही वर जाऊन थांबला. "पूर्न," तो म्हणाला.

"बरं. प्रेमलाल आले, तेव्हा दुकान बंद आहे असं कोण म्हणालं?"

"कोनी नाही म्हनलं. पटेलसाहेब म्हनले, दुकान तुह्यासाठी बंद हाये."

 पटेलांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. चैतरामनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की काहीतरी होऊन बसलं आहे. तो रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, जेवढं शिकवलं तेवढं मी सांगतलं. याच्या पुढचं शिकवलं नव्हतं."

निकाल लागला तेव्हा पटेलांना कायद्यातली सर्वात कमी शिक्षा झाली, एक महिन्याची कैद आणि थोडा दंड. अपिलासाठी लगेच जामीनही मिळाला. मामा आनंदानं नाचतील असं मला वाटलं होतं. ते व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. जिंकलात."

"सरकार जिंकलं," मामा म्हणाले, आणि मॅडमना शोधत गेले. त्यांनी मॅडमच्या हातातल्या फायली घेतल्या आणि त्यांच्या खोलीपर्यंत पोचवून दिल्या.

चैतरामला पटेलांनी काढून टाकलं. दुसरा न्हावी त्या पार्लरमध्ये यायला तयार होईना, कारण कोर्टाची केस चाललेलं दुकान म्हणून त्याचं नाव झालं होतं. न्यू स्टारचं शटर या वेळी खरोखर खाली आलं. आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी रस्त्याच्या कडेला, विहाराच्या पलीकडं, चैतरामला टपरी टाकायला जागा दिली. आपली जुनी लाकडी खुर्ची त्यानं तिथं मांडली. पटेलांच्या बाजूची माणसं हट्टानं तिथं येईनात. ती बस धरून लालबर्र्याला जायला लागली. मग धानाची कापणी आली, पाठोपाठ लग्नं आली, आणि दाढीसाठी अर्धा दिवस कोण घालवणार? एकेक जण टपरीत दिसू लागला. पहिल्या दिवशी प्रत्येक जण म्हणायचा, सहज इकडून चाललो होतो.

मामांची दाढी उतरवायला सबंध सकाळ लागली. आधी कात्री, मग मशीन, मग वस्तरा. मोहल्ल्यातली निम्मी माणसं पाहायला आली होती. गालावर दोन जागी कापलंही. खाली निघालेला चेहरा पांढुरका आणि लहान होता. मामा घरी गेले तर शीलामामीनं दारातच विचारलं, "कोन पाह्यजे?"

ओळख पटल्यावर तिनं त्यांना नीट न्याहाळलं. "दाढीत थोडे इमानदार दिसत होते," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

पटेलांचं अपील आता वरच्या कोर्टात आहे. अपिलात साक्षी पुन्हा होत नाहीत, मामांना समन्सही येत नाही. मॅडमनी त्यांना तसं दोनदा समजावून सांगितलं. तरी प्रत्येक तारखेला मामा शर्ट बदलून सकाळच्या बसला हजर. मागच्या महिन्यात बस गच्च भरली होती आणि रिकामी जागा एकच होती, पटेलांच्या शेजारी. मामा जाऊन उभे राहिले.

"तू कशाले येऊन राह्यला?" पटेल म्हणाले. "तुले तं बोलावलंच नाही."

"हौ," मामा म्हणाले. "पन तिथं सरकार एकटंच असते. आपल्याकडून कोनी तं पाह्यजे त्याच्या सोबतीले."

 कंडक्टर मागून ओरडला की रस्ता मोकळा करा, तेव्हा पटेल खिडकीकडं सरकले आणि मामा बसले.